वाचणाऱ्याची सही

समीक्षा कलाकृतीच्या मागून येते, हे आपण इतके गृहीत धरून चाललो आहोत की त्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज सहसा भासत नाही. पुस्तक छापून होते, बाजारात येते, मग परीक्षण लिहिले जाते. परीक्षणामुळे पुस्तकातील एकही ओळ बदलत नाही, आणि परीक्षण चुकले तरी परीक्षणकर्त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. समीक्षेच्या जबाबदारीवर आपल्याकडे चर्चासत्रे होतात. परंतु ती जबाबदारी नेमक्या कोणत्या कृतीतून सिद्ध व्हावी, याचे उत्तर त्यांतून क्वचितच हाती लागते. या पार्श्वभूमीवर साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष एका वेगळ्या व्यवहाराकडे वेधावे असे आम्हांला वाटते. या व्यवहारात समीक्षा संहितेच्या आधी येते आणि समीक्षकाचे नाव संहितेला कायमचे जोडले जाते. हा व्यवहार म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलमध्ये, विशेषतः त्यातील ड्रायव्हरांच्या हाताळणीत, सुचवल्या जाणाऱ्या बदलांची तपासणी.

विषय तांत्रिक आहे, पण वाचकांनी बिचकू नये. त्यातले तंत्र समजायला चार गोष्टी पुरतात. त्या कळल्या की उरतो तो वाचनाचाच प्रश्न.

लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचे काम सुरू केले. कर्नेल हा या प्रणालीचा गाभा. यंत्राची मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, हे तो ठरवतो. प्रत्यक्ष उपकरणांशी तो ज्या भागांमार्फत बोलतो त्यांना ड्रायव्हर म्हणतात. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर निराळा, ध्वनियंत्रणेचा निराळा, डिस्कचा निराळा. जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि सगळे अँड्रॉइड फोन याच कर्नेलवर चालतात. २०२५ च्या आरंभी या संहितेने चार कोटी ओळींचा टप्पा गाठला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. एवढी मोठी संहिता कोणी एक लेखक लिहीत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, एकेका आवृत्तीत दहा ते पंधरा हजार बदल असतात आणि ते करणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास असते. प्रत्येक बदल पॅचच्या रूपात येतो. पॅच म्हणजे ठिगळ. कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या एवढेच त्यात दाखवलेले असते. काढलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकचे.

या ठिगळाला गद्याची एक प्रस्तावना जोडावी लागते, आणि आमच्या दृष्टीने पहिली लक्षणीय गोष्ट हीच. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, त्याचे वर्णन आज्ञार्थी वाक्यात करावे, आधी अडचण सांगावी आणि मग उपाय, असे लिखित संकेत आहेत. काय बदलले ते तर ओळींवरून दिसतेच. का बदलले ते गद्यात सांगावे लागते. बदल योग्य असूनही कारण धड सांगितलेले नाही म्हणून पॅच परत पाठवला जाणे ही तिथे नित्याची गोष्ट आहे. पाच-दहा वर्षांनी त्याच ओळीपाशी अडलेला कोणी दुसरा मनुष्य ही ओळ इथे का आहे असे विचारील, तेव्हा मूळ लेखक उत्तर द्यायला हजर असेलच असे नाही. प्रस्तावना लिहायची ती त्या भावी वाचकासाठी, आणि तपासणाराही त्याचाच प्रतिनिधी म्हणून ती वाचतो.

आता तपासणीचे एक उदाहरण घेऊ. एखादे उपकरण यंत्राला जोडले गेले की त्याचा ड्रायव्हर जागा होतो आणि कर्नेलकडून एकेक वस्तू मागून घेतो. आधी थोडी मेमरी, मग उपकरणाच्या रजिस्टरांपर्यंत जाण्याची वाट, मग इंटरप्ट. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने मारलेली हाक. ती आली की ड्रायव्हरातील ठरावीक भाग हातातले काम थांबवून धावतो. या मागण्यांपैकी तिसरी फसली, तर आधीच्या दोन वस्तू उलट्या क्रमाने परत कराव्या लागतात. उपकरण काढून घेतले जाते तेव्हाही तसेच. ड्रायव्हरांतील पुष्कळ चुका या परतीच्या वाटेवर होतात. सगळे सुरळीत चालते तो मार्ग लेखकाने शंभरदा चालवून पाहिलेला असतो. बिघाडाच्या मार्गावरून तो बहुधा एकदाही गेलेला नसतो. म्हणून मुरलेला तपासनीस बिघाडाच्या वाटेपासून वाचायला लागतो.

ही उस्तवारी कमी व्हावी म्हणून २००७ साली कर्नेलमध्ये एक सोय आली. ड्रायव्हराने घेतलेल्या वस्तूंची नोंद कर्नेल स्वतःच ठेवील आणि उपकरण गेले की उलट्या क्रमाने त्या परत घेईल, अशी ही व्यवस्था. तिच्यामुळे शेकडो ड्रायव्हरांतील परतीच्या ओळी गळून गेल्या. अजूनही एखादा उत्साही नवागत जुना ड्रायव्हर घेतो, त्यातील इंटरप्टची मागणी या नव्या पद्धतीने करतो, इंटरप्ट परत करण्याची जुनी ओळ काढून टाकतो आणि पॅच पाठवतो. वजाच्या ओळी जास्त, अधिकच्या कमी; पाहताक्षणी कोणीही म्हणेल की संहिता सुटसुटीत झाली.

इथे वाचनाची कसोटी लागते. जुन्या संहितेत उपकरण काढताना आधी इंटरप्ट परत होत असे आणि मग मेमरी. नव्या संहितेत मेमरी ड्रायव्हर स्वतःच्या हाताने आधी सोडतो, आणि इंटरप्ट मात्र ड्रायव्हराचे आवरण्याचे काम संपल्यानंतर कर्नेल परत घेतो. क्रम उलटला. मधल्या निमिषात उपकरणाने हाक मारली, तर धावून येणारा भाग सोडून दिलेल्या मेमरीला हात घालतो. मग यंत्र कोसळते, किंवा त्याहून वाईट, घुसखोराला वाट मिळते. यातली खरी मेख अशी की पॅचमध्ये बदललेल्या ओळींच्या मागे-पुढे साधारण तीनच ओळी दाखवलेल्या असतात. मेमरी सोडण्याची ओळ दहा ओळी खाली असेल, तर ती पॅचमध्ये दिसतच नाही. जे समोर ठेवले आहे तेवढेच वाचणाऱ्याला दोष सापडणे शक्य नाही. मूळ फाइल उघडून, न बदललेल्या ओळींवर बदलाचा काय परिणाम झाला हे जो पाहील त्यालाच तो सापडेल.

याहून सूक्ष्म असाही एक दोष आहे. एखादा प्रोग्राम कॅमेऱ्यातून चित्र घेत असताना वापरणाऱ्याने कॅमेऱ्याची वायर उपटली, तर उपकरण गेले. पण प्रोग्रामच्या हातात त्याची उघडी फाइल अजून आहे. वस्तूंचे आयुष्य उपकरणाशी बांधणारी व्यवस्था या क्षणी मेमरी परत घेऊन मोकळी होते आणि प्रोग्रामच्या हातात नाहीशा झालेल्या वस्तूचा पत्ता तेवढा उरतो. या दोन्ही उदाहरणांत प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबर आहे. चूक आहे ती ओळींच्या परस्परसंबंधात. सूक्ष्म वाचन म्हणून आपण वर्गात जे शिकवतो, त्याचे याहून चांगले उदाहरण निदान आम्हांला तरी सापडलेले नाही.

असे वाचन झाल्यावर तपासणारा काय करतो? तो पॅचखाली आपले नाव लिहितो. 'रिव्ह्यूड-बाय' या शब्दापुढे येणारे हे नाव कर्नेलच्या इतिहासात कायमचे राहते. त्याचा अर्थ कर्नेलच्या नियमावलीत बांधून दिलेला आहे आणि तो चार कलमांत सांगता येतो. आपण हा बदल तपासला आहे; सापडलेल्या अडचणी लेखकाला कळवल्या असून त्याच्या उत्तरांनी आपले समाधान झाले आहे; अजून सुधारणेला जागा असली तरी हा बदल आजच्या घडीला घेण्याजोगा आहे आणि त्याला बाधक असा दोष आपल्या माहितीत नाही; मात्र तो सर्व परिस्थितींत चालेलच अशी हमी आपण देत नाही. लेखकाची सही निराळी असते. एका कंपनीने कर्नेलच्या मालकीवरून २००३ साली कज्जा उभा केला, त्यानंतर २००४ पासून प्रत्येक लेखकाने आपल्याला हा मजकूर देण्याचा अधिकार आहे असे सहीनिशी सांगण्याची पद्धत पडली. एक सही मजकुराच्या उगमाची, दुसरी त्याच्या वाचनाची.

या चार कलमांतील संतुलन आम्हांला विलक्षण वाटते. त्यांत सर्वज्ञतेचा आव नाही, आणि आपण फक्त आपले मत मांडले अशी पळवाटही नाही. निर्दोषतेची हमी मागितलेली नाही. वाचल्याची मात्र मागितली आहे. आपल्याकडील परीक्षणे, प्रस्तावना, पाठराखणी आणि प्रबंधांवरचे अहवाल यांना हीच कलमे लावून पाहावीत. पुस्तक पूर्ण वाचले, शंका लेखकापुढे मांडल्या, त्यांचे निरसन झाले की नाही ते पाहिले, आणि मग नाव दिले, असे किती जणांना म्हणता येईल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कर्नेल कोसळतो, कविता कोसळत नाही. ड्रायव्हरात क्रम एकच बरोबर असतो. साहित्यकृतीत अर्थाची अनेकता हे वैगुण्य नव्हे. हे आम्हांला मान्य आहे, आणि साहित्यसमीक्षेला अभियांत्रिकीचे माप लावावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु अर्थ अनेक असणे ही न वाचण्याची सवलत होऊ शकत नाही. निर्णयाची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. निर्णयापूर्वीच्या कष्टाची रीत वेगळी असण्याचे कारण दिसत नाही.

तपासणी म्हणजे नकार नव्हे, हेही या व्यवहारात दिसते. २००८ साली ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या पुढाकाराने कर्नेलमध्ये 'स्टेजिंग' नावाचा एक कोपरा काढण्यात आला. चालतात पण धड लिहिलेले नाहीत अशा ड्रायव्हरांना तिथे जागा मिळते. सोबत काय काय दुरुस्त करायचे त्याची यादी ठेवावी लागते. कष्ट झाले तर ड्रायव्हर मुख्य भागात जातो, झाले नाहीत तर काढून टाकला जातो. २००९ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या हायपर-व्ही या व्यवस्थेसाठीचे सुमारे वीस हजार ओळींचे ड्रायव्हर लिनक्सला दिले, तेव्हा त्यांनाही याच कोपऱ्यात बसावे लागले. मुख्य भागात त्यांचा प्रवेश सुरू व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि दरम्यान शेकडो पॅचांनी त्यांचे रूप पालटले. देणाऱ्याचे नाव किती मोठे आहे याने संहितेच्या वाचनात फरक पडला नाही.

मराठी वाचकाला इथे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा' आठवल्याशिवाय राहणार नाही. हस्तलिखित बारकाईने वाचून, लेखकाशी पत्रव्यवहार करून, पुनर्लेखन करवून घेणारे संपादन ही आपल्याकडची अशीच परंपरा होती. आणि तिच्यावरचा आक्षेपही आठवेल. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली, ती दारावर उभा राहून आत कोणी यावे हे ठरवणाऱ्या सत्तेविरुद्धची होती. वाचणाऱ्याच्या हाती असलेली ही सत्ता कर्नेलमध्येही आहे, आणि तिचे दोषही तिथे पुरेपूर दिसले आहेत.

२०१२ च्या डिसेंबरमधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. चित्रफीत-उपकरणांच्या विभागातील एका बदलाने ड्रायव्हर परत देत असलेला चुकीचा संकेत बदलला आणि काही चालू प्रोग्राम बिघडले. विभागाच्या जबाबदार व्यक्तीने दोष प्रोग्रामांवर ढकलताच टॉरव्हाल्ड्स यांनी तिला जाहीरपणे अत्यंत कठोर शब्दांत झापले. त्यांचा मुद्दा असा, की वापरणाऱ्याचे चालते काम कर्नेलमधील बदलाने कधीही बंद पडता कामा नये. मुद्दा शंभर टक्के योग्य होता. तपासणाऱ्याची निष्ठा समोरच्या लेखकाशी नसते, स्वतःच्या विद्वत्तेशीही नसते. त्या चर्चेत जो कधीच बोलणार नाही त्या दूरच्या वापरणाऱ्याशी असते. पण मुद्दा योग्य असल्याने भाषा योग्य ठरत नाही. त्या भाषेपायी चांगली माणसे सोडून गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नेलने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर तपासणी ढिली पडली असे आम्हांला दिसत नाही. अपमान हा कठोरपणाचा भाग आहे, ही समजूत आपल्या समीक्षाव्यवहारातही मुरलेली आहे. ती सोडून द्यावी.

सत्तेची मर्यादा दुसऱ्या एका वादात स्पष्ट झाली. २०२२ च्या डिसेंबरपासून कर्नेलमध्ये सी या जुन्या भाषेसोबत रस्ट ही भाषा आली. मेमरी सोडून दिल्यानंतर तिला हात घालण्यासारख्या चुका रस्टचा कंपायलर पुष्कळ प्रमाणात आधीच अडवतो, म्हणून नवे ड्रायव्हर तीत लिहावेत असा आग्रह आहे. उपकरणांना मेमरीशी थेट देवाणघेवाण करू देणारा जो विभाग आहे, त्याचा वापर रस्टमधून करता यावा म्हणून एक जोडणारा थर सुचवण्यात आला. मूळ विभागातील एकही ओळ त्याने बदलत नव्हती. तरी त्या विभागाच्या अनुभवी जबाबदारांनी, कर्नेलमध्ये दोन भाषा नकोत या भूमिकेतून, त्याला विरोध केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी निवाडा दिला, की आपल्या विभागाच्या संहितेवर जबाबदारांचा अधिकार आहे. ती संहिता कोणी वापरावी यावर नाही. दोन भाषांचे ओझे सांभाळावे लागेल ही विरोधकांची भीती पोकळ नव्हती, तरीही निवाडा आम्हांला योग्य वाटतो. संहितेची चिकित्सा करण्याचा हक्क वाचणाऱ्याला आहे. वाचनाच्या नावाखाली परंपरेची कुंपणे राखण्याचा नाही. १९६९ च्या तरुणांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली खोट्या नावांनी मुद्दाम दोष पेरलेले पॅच कर्नेलकडे पाठवून तपासणाऱ्यांना फसवता येते का ते पाहिले. तपासणाऱ्यांची संमती घेतलेली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण उफाळले, त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणे थांबवण्यात आले आणि संशोधकांना आपला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. नंतरच्या अहवालात दिसून आले, की सदोष असलेला एकही फसवा पॅच आत शिरला नव्हता. पण त्या निमित्ताने विद्यापीठाकडून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल पुन्हा वाचले गेले. बहुतेक बरोबर निघाले. काही मात्र चुकीचे होते. लबाडीने लिहिलेले नव्हेत, सरळ हेतूने लिहिलेले, आणि तरीही चुकीचे. कर्नेलमध्ये ते गेली काही वर्षे सुखाने नांदत होते.

या घटनेची चर्चा संशोधनाच्या नीतिमत्तेपुरती राहिली. आम्हांला तिचा दुसरा अर्धा भाग अधिक अस्वस्थ करतो. लबाडी पकडली गेली, कारण कोणीतरी वाचले. प्रामाणिक चुका राहून गेल्या, कारण पुरेसे वाचले गेले नाही. कर्नेलमधील पुष्कळ बदलांवर लेखक आणि विभागाचे जबाबदार यांच्यापलीकडे तिसऱ्या कोणा वाचकाची सही नसतेच. कारण उघड आहे. कंपन्या आपल्या उपकरणाचा ड्रायव्हर लिहायला पगार देतात. दुसऱ्याचा ड्रायव्हर वाचायला देणाऱ्या थोड्या. किती पॅच लिहिले हे मोजले जाते, नोकरीच्या अर्जात लिहिले जाते. किती वाचले आणि कोणता अनर्थ टळला हे सांगायला पुरावा उरत नाही. टळलेला अपघात इतिहासात दिसत नसतो.

यंत्राकडून हवा तेवढा कोड लिहवून घेता येऊ लागल्याने हा असमतोल अधिकच वाढणार आहे. सुबक दिसणारा, नीट प्रस्तावना असलेला पॅच आता क्षणात तयार होतो. परतीच्या वाटेवरचा क्रम उलटला आहे का हे पाहायला मात्र अजूनही कोणातरी माणसाची दुपार खर्ची पडते. यंत्र तपासायला मदत करू शकते, करतेही. पण माझ्या माहितीत बाधक दोष नाही, असे म्हणून नाव देणे म्हणजे चुकल्यास विचारले जाण्याची तयारी ठेवणे, आणि ती तयारी माणसाचीच असू शकते. लेखन स्वस्त झाल्याने वाचन आपोआप महाग झाले आहे, आणि त्याचा मोबदला देण्याची व्यवस्था अद्याप कोणी उभी केलेली नाही.

साहित्याच्या विभागांत काम करणाऱ्यांनी हे स्वतःविषयीच वाचावे. विद्यापीठीय बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या लागते. दुसऱ्याचे हस्तलिखित, अनुवाद किंवा प्रबंध ओळीनुओळ वाचून सुधारवून घेण्याच्या कामाला त्या हिशेबात नगण्य जागा आहे. परिणाम डोळ्यांसमोर आहे: न वाचलेली पुस्तके, न वाचता दिलेल्या प्रस्तावना, आणि प्रबंधांवरचे एकमेकांसारखे अहवाल. त्यावर उपाय म्हणून नवे सिद्धांत नकोत. प्रकाशकांनी पुस्तकाच्या आरंभी हस्तलिखित कोणी तपासले त्याचे नाव छापावे. प्रबंधावरील अहवाल परीक्षकाच्या नावानिशी प्रबंधासोबतच खुला ठेवावा. अनुवाद मूळ संहितेशी ताडून पाहणाऱ्याला श्रेय मिळावे आणि जाबही विचारला जावा. या तीन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. आपले नाव तिथे छापले जाणार आहे, एवढे कळले तरी पुष्कळ लोक शेवटच्या पानापर्यंत वाचू लागतील असा आमचा कयास आहे.